अ‍ॅबनर मिक्वा – आधी आमदार, मग खासदार, मग फेडरल जज

गोदाकाठ

शिकागो, १९४८. लॉ स्कूलला असलेला एक पोरगा संध्याकाळी आपल्या वॉर्डातल्या डेमोक्रॅटिक पार्टीच्या ऑफिसात शिरतो आणि म्हणतो मला स्टीव्हन्सन आणि डग्लस यांच्या प्रचाराचं काम करायचंय. आतला माणूस तोंडातली सिगार काढून विचारतो, तुला कोणी पाठवलं? कोणी नाही. कोणी न पाठवलेला माणूस आम्हाला नको. शिवाय आमच्याकडे नोकऱ्या नाहीत. मला नोकरी नकोच आहे. मग नोकरी नको असलेला माणूसही आम्हाला नको, आलास कुठून तू? युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोतून. तिथलं तर कोणीच नको!

हा पोरगा म्हणजे अ‍ॅबनर मिक्वा. हा किस्सा त्याने स्वतः आयुष्यभर सांगितला आणि शिकागोच्या राजकारणावर बोलताना लोक अजून हाच सांगतात. पण मला लिहायचंय ते पुढचं. १९५६ मध्ये हा पठ्ठ्या पार्टीच्या मशीनला, म्हणजे नोकऱ्या वाटून मतं जमवणाऱ्या स्थानिक यंत्रणेला, न जुमानता इलिनॉयच्या विधानसभेवर निवडून आला, १० वर्षं आमदार, मग १९६८ ला अमेरिकन काँग्रेसमध्ये, आणि १९७९ मध्ये प्रेसिडेंट कार्टरनी त्याला वॉशिंग्टनच्या डी. सी. सर्किट कोर्टावर जज नेमलं, १९९१ ला तिथलाच चीफ जज झाला. आणि १९९४ ला तहहयात असलेली ती नोकरी सोडून क्लिंटनचा व्हाइट हाउस काउन्सेल, म्हणजे प्रेसिडेंटचा कायदा सल्लागार. कायदेमंडळ, सरकार आणि कोर्ट अशा तिन्ही ठिकाणी बसलेली माणसं तिकडेही फार नाहीत.

माझा प्रश्न साधा आहे. २०-२५ वर्षं मतं मागत फिरलेला माणूस जज झाला की तो कायदा वेगळा वाचतो का? मला वाटतं वाचतो, आणि ते चांगलं असतं. आपल्याकडे राजकारणातला माणूस कोर्टात म्हटलं की लोक नाकं मुरडतात म्हणून मुद्दाम धागा काढला.

खडूस_काका

नाकं मुरडतात ते उगाच नाही हो. पार्टीने सोय लावली, दुसरं काय. निवडणुका लढून दमला, बसवा खुर्चीत.

शिकागोतला_पुणेकर

काका, दमला हे बरोबर आहे पण का दमला ते ऐका :) मी गेली बरीच वर्षं इकडेच असल्याने जरा भूगोल सांगतो, त्याशिवाय याची खासदारकी कळणारच नाही.

पहिल्यांदा १९६६ ला तो काँग्रेससाठी उभा राहिला तो स्वतःच्याच पार्टीच्या बॅरट ओ'हारा या म्हाताऱ्या खासदाराविरुद्ध, प्रायमरीत म्हणजे पार्टीचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत पडला. १९६८ ला परत त्याच्याशीच लढला आणि जिंकला. मतदारसंघ शहराच्या दक्षिणेचा, हाइड पार्क वगैरे म्हणजे युनिव्हर्सिटीचा भाग. व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध, मेयर डेलीच्या मशीनशी कधी जमलं नाही. मग १९७० च्या जनगणनेनंतर मतदारसंघ नव्याने आखले त्यात हाइड पार्क गेलं राल्फ मेटकाफच्या मतदारसंघात. हा मेटकाफ म्हणजे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला जेसी ओवेन्सच्या मागोमाग १०० मीटरला सिल्व्हर मिळवणारा तो धावपटू. त्याच्याशी लढण्यात अर्थ नव्हता म्हणून मिक्वाने बिऱ्हाड उचललं आणि शहराच्या पार उत्तरेला एव्हन्स्टनला गेला. तिकडचे सबर्ब म्हणजे खाऊन पिऊन सुखी लोक, बरीच मतं रिपब्लिकन.

१९७२ ला पडला. १९७४ ला वॉटरगेटच्या लाटेत आला. १९७६ ला किती मतांनी आला माहितीये? २०१. दोन लाखांच्या वर मतदानात २०१! १९७८ ला ६५०. दर २ वर्षांनी हे असं, कोणीही दमेल.

तिखटमीठ

२०१?? आमच्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत याहून जास्त लीड असतं :D

पण मग मला एक कळत नाही, एवढी काठावरची सीट असताना पार्टीने त्याला कोर्टात का पाठवलं. सीट गेलीच असणार.

शिकागोतला_पुणेकर

गेलीच. १९७८ ला ६५० मतांनी पडलेला जॉन पोर्टर जानेवारी १९८० च्या पोटनिवडणुकीत आला आणि २००१ पर्यंत तिथेच बसला. म्हणजे सोय लावली म्हणावं तर पार्टीला ती चांगलीच महाग पडली.

नुसता_वाचक

छान चर्चा. एक बेसिक शंका, तिकडे खासदाराला जज करायला काही परीक्षा अनुभव वगैरे अट नाही का? म्हणजे कोणीही?

वकीलीणबाई

नुसता_वाचक, अमेरिकन राज्यघटनेत फेडरल जजसाठी वय नाही, डिग्री नाही, किती वर्षं वकिली तेही नाही. प्रेसिडेंटने नाव द्यायचं आणि सिनेटने मंजूर करायचं, बास. एकदा बसला की वर्तन नीट आहे तोवर कोणी काढू शकत नाही, पगारही कमी करता येत नाही. मिक्वा अर्थात वकील होताच, तोही चांगला. लॉ स्कूलनंतर सुप्रीम कोर्टाचे जस्टिस शर्मन मिंटन यांच्याकडे क्लार्क, म्हणजे जजला मदत करणारा तरुण वकील, होता. आणि गंमत म्हणजे मिंटन स्वतः इंडियानाचे माजी सिनेटर, १९४० ची निवडणूक हरले आणि पुढच्याच वर्षी रूझवेल्टने त्यांना फेडरल अपील कोर्टात बसवलं, तिथून १९४९ ला ट्रूमनने सुप्रीम कोर्टात. म्हणजे साहेबांनी जो रस्ता धरला तोच शिष्याने.

पण खासदाराला जज करण्यात घटनेची एक मेख आहे आणि मिक्वाची केस त्यातच अडकली होती. घटनेच्या पहिल्या कलमातल्या सहाव्या भागात म्हटलंय की काँग्रेसच्या सदस्याला, तो ज्या मुदतीसाठी निवडून आला त्या मुदतीत, असं कोणतंही सरकारी पद देता येणार नाही जे त्याच मुदतीत निर्माण केलं किंवा ज्याचा पगार त्याच मुदतीत वाढवला. हेतू स्पष्ट आहे, स्वतःच खुर्ची तयार करायची, गादी मऊ करायची आणि स्वतःच जाऊन बसायचं हे चालणार नाही. मिक्वा खासदार असताना फेडरल जजांचा पगार वाढला होता. झालं, आयडाहोचे सिनेटर जेम्स मॅक्लुअर कोर्टात गेले. नुसते गेले नाहीत तर काँग्रेसने खास तरतूद पास केली की काँग्रेसच्या सदस्याला या मुद्द्यावर दावा लावता येईल!! १९८१ ला तीन जजांच्या कोर्टाने सांगितलं की तुम्ही सिनेटमध्ये मत दिलंत, हरलात, आता तोच सामना कोर्टात परत खेळता येणार नाही, तुम्हाला दावा करायचा अधिकारच नाही. सुप्रीम कोर्टानेही ते कायम केलं. पगारवाढीमुळे नेमणूक बेकायदा होती की नव्हती हा मूळ प्रश्न मात्र कोणी सोडवलाच नाही. वकील म्हणून मला हे असं अर्धवट राहिलेलं फार टोचतं.

खडूस_काका

ताई माहिती भारी आहे पण माझाच मुद्दा झाला ना. घटना लिहिणाऱ्यांनाही हीच शंका होती की हे लोक आपापल्या खुर्च्या करून घेतील.

गोदाकाठ

काका शंका रास्त आहे. पण मॅक्लुअरला पगाराची चिंता होती असं तुम्हाला खरंच वाटतं का? खरी मारामारी बंदुकांची होती. मिक्वा हँडगनवर बंदी आणा म्हणणारा खासदार, नॅशनल रायफल असोसिएशनला त्याने रस्त्यावरच्या गुन्ह्यांची लॉबी असं नाव ठेवलं होतं. त्यांनी त्याची नेमणूक पाडायला १० लाख डॉलरच्या वर खर्च केल्याचं सांगतात, १९७९ चे १० लाख. एका अपील कोर्टाच्या जजसाठी! सिनेटमध्ये २५ सप्टेंबर १९७९ ला ५८ विरुद्ध ३१ ने पास झाला.

कोपऱ्यातला

धागा वाचतोय, पॉपकॉर्न घेऊन. पण मूळ प्रश्नाचं काय, कायदा वेगळा वाचला का त्याने? की नुसत्या निवडणुकांच्याच गोष्टी 😀

गोदाकाठ

येतो येतो. आधी हे कोर्ट काय आहे ते सांगायला पाहिजे. डी. सी. सर्किट म्हणजे वॉशिंग्टनचं अपील कोर्ट, सुप्रीम कोर्टाच्या खालोखाल वजनाचं. इथे बरंच काम म्हणजे सरकारी खात्यांचे नियम, पर्यावरण, टेलिफोन, रेडिओ, वीज, कामगार वगैरे. म्हणजे रोजचा प्रश्न एकच, काँग्रेसने जो कायदा केला त्याचा अर्थ काय. आणि ८० च्या दशकात त्या बाकावर कोण कोण होतं बघा, मिक्वा, पुढे सुप्रीम कोर्टात गेलेले रूथ बेडर गिन्सबर्ग आणि स्कालिया, शिवाय बोर्क, केन स्टार. एका कॉरिडॉरमध्ये!

स्कालियाचं म्हणणं की कायदा म्हणजे छापलेले शब्द, कमिटीच्या रिपोर्टात कोणी काय लिहिलं, सभागृहात कोण काय बोललं त्याच्याशी कोर्टाला देणंघेणं नाही, कारण त्याच्यावर मतदान झालेलं नसतं आणि ते रिपोर्ट लिहितात स्टाफवाले. मिक्वाचं उलट. तो म्हणणार मी तिथे बसलोय, विधेयकाचा मसुदा असा असतो की अमुक कलमातला तमुक शब्द काढून तमुक घाला, ते वाचून कोणाला काही कळत नाही, खासदार वाचतो तो रिपोर्ट, त्यामुळे काँग्रेसच्या मनात काय होतं हे बघायचं तर तिथेच बघावं लागेल. मला हे पटतं. ज्याने स्वतः रात्री-बेरात्री तडजोडी करून कलमं लिहिली त्याला माहीत असतं की वाक्य वेडंवाकडं का आहे, दोन गटांचं एकमत होईना म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलंय. कोरं व्याकरण लावून त्याचा अर्थ काढायला गेलं की भलतंच निघतं.

वकीलीणबाई

स्कालियांच्या बाजूनेही थोडं. त्याच कोर्टात हॅरल्ड लेव्हेंथल म्हणून जज होते, त्यांच्या नावावर एक टोमणा सांगतात की कायद्यामागचा इतिहास चाळणं म्हणजे गच्च भरलेल्या पार्टीत मान वर करून फक्त आपले मित्र शोधणं. हजार पानांचे रिपोर्ट असतात, पाहिजे ते वाक्य मिळतंच. आणि आपल्याकडेही जुना नियम होता की संसदेतली भाषणं अर्थ लावायला वापरायची नाहीत. तो हळूहळू सैल होत गेला, २०१८ ला कल्पना मेहता केसमध्ये घटनापीठाने सांगितलं की संसदीय समितीचे रिपोर्ट कोर्ट बघू शकतं. त्यामुळे हा वाद जुना अमेरिकन वाद वगैरे नाही, आम्ही रोज भांडतो यावर.

गोदाकाठ

ताई टोमणा मान्य :) पण एक केस सांगतो जी मला सगळ्यात भारी वाटते.

१९७७ ला काँग्रेसने हवा प्रदूषणाच्या कायद्यात मोठी दुरुस्ती केली, मिक्वा तेव्हा सभागृहात. १९८२ ला त्याच दुरुस्तीवरची केस डी. सी. सर्किटमध्ये. प्रश्न असा की एखादा कारखाना म्हणजे प्रदूषणाचा एक स्रोत धरायचा की त्यातलं प्रत्येक धुराडं, प्रत्येक बॉयलर वेगळा. अख्खा कारखाना एक धरला तर मालक एका ठिकाणी धूर वाढवून दुसऱ्या ठिकाणी कमी करू शकतो, नवी परवानगी लागत नाही, रेगन सरकारला तेच पाहिजे होतं. बेंचवर मिक्वा आणि गिन्सबर्ग, सोबत एक सीनियर जज. निकालपत्र गिन्सबर्गने लिहिलं. त्यात काय म्हटलंय, की कायद्याच्या शब्दांत याचं उत्तर नाही आणि त्याच्या मागच्या इतिहासातही नाही, मग कायद्याचा उद्देश बघू, तो हवा सुधारण्याचा आहे, म्हणून सरकारचा नियम रद्द.

खडूस_काका

हाहाहा. म्हणजे कायदा पास होताना जो सभागृहात होता त्याच्याही बेंचला सापडेना की काँग्रेसच्या मनात काय होतं! मग उपयोग काय झाला अनुभवाचा?

गोदाकाठ

काका तुम्ही हसताय पण मला तर तेच प्रामाणिक वाटलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता मला माहितीये, मी होतो तिथे.

पुढची गंमत तर याहून मोठी. ती केस वर गेली आणि १९८४ ला सुप्रीम कोर्टाने ६-० ने उलटवली, तीच ही प्रसिद्ध शेव्हरॉन केस. कोर्ट म्हणालं कायदा गप्प असेल तर उद्देश शोधायचं काम जजांचं नाही, खात्याने लावलेला अर्थ वाजवी असेल तर तोच चालेल. ४० वर्षं तो नियम चालला, २०२४ ला सुप्रीम कोर्टानेच मोडीत काढला, आता परत जज ठरवणार कायद्याचा अर्थ. मिक्वा ते बघायला नव्हता, २०१६ ला ४ जुलैला गेला, ९० वर्षांचा होऊन.

तिखटमीठ

बरं पण गेम असा आहे का की लिबरल खासदार जज झाला आणि लिबरलच निकाल देत राहिला? तसं असेल तर मग काका बरोबर. मी शोधलं तर जोसेफ स्टेफनची केस दिसली. अ‍ॅनापोलिसच्या नेव्हल अ‍ॅकॅडमीतला हुशार कॅडेट, १९८७ ला पदवी मिळायला ६ आठवडे राहिले असताना आपण गे आहोत हे त्याने लपवलं नाही म्हणून त्याला बाहेर पडायला लावलं. १९९३ ला मिक्वाने निकाल लिहिला की त्याला डिप्लोमा द्या आणि नौदलातलं अधिकारीपद द्या, काही न करता केवळ तो कोण आहे यावरून काढता येणार नाही. वर्षभराने त्याच कोर्टाच्या मोठ्या पीठाने उलटवला. निकाल मला पटतो, पण खासदारकीचा याच्याशी काय संबंध? तिथे तर उलट निवडून आलेल्या लोकांनी आणि लष्कराने ठरवलेलं त्याने बाजूला ठेवलं.

गोदाकाठ

हा आक्षेप मात्र बरोबर लागला. इथे तो आमदार-खासदार म्हणून नाही, माणूस म्हणून बोललाय. त्यामुळे राजकारणी जज नेहमी संसदेपुढे झुकतो असं काही म्हणता येत नाही. त्याचे साहेब मिंटन तसे होते, सरकारने केलंय ना मग राहू दे. शिष्य तसा नाही निघाला.

शिकागोतला_पुणेकर

लिबरल-लिबरल म्हणताय तर दुसरी बाजू पण बघा. त्याच कोर्टात १९८५ ला रेगनने जेम्स बकलीला आणलं. हा न्यूयॉर्कचा माजी सिनेटर, १९७० ला कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टी म्हणून वेगळीच पार्टी आहे तिच्या तिकिटावर निवडून आलेला, १९७६ ला मॉयनिहनकडून पडला, मग १९८० ला कनेटिकटमधून उभा राहिला, तिथेही पडला. निवडणूक खर्चावरची जी प्रसिद्ध केस आहे १९७६ ची, त्यात फिर्यादी म्हणून ज्याचं नाव आहे तोच हा. तर डावीकडचा माजी खासदार आणि उजवीकडचा माजी सिनेटर, दोघं ९ वर्षं एका कोर्टात. बकली २०२३ ला गेला, १०० वर्षांचा होता. म्हणजे ही सोय काय एका पार्टीची नाही काका.

खडूस_काका

दोन्ही पार्ट्या करतात म्हणून बरं होतं का? आपल्याकडचं बघा, बहरुल इस्लाम. काँग्रेसचे राज्यसभा खासदार, १९७२ ला राजीनामा देऊन गुवाहाटी हायकोर्टात, १९८० ला रिटायर, मग त्यांना सुप्रीम कोर्टात आणलं, डिसेंबर १९८२ ला बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रांच्या बाजूने निकाल आणि महिनाभरात राजीनामा देऊन काँग्रेसची उमेदवारी. आता बोला.

वकीलीणबाई

बोलते. के. एस. हेगडे. तेही काँग्रेसचे राज्यसभा खासदार, १९५७ ला म्हैसूर हायकोर्टात, पुढे सुप्रीम कोर्टात, आणि केशवानंद भारतीमध्ये इंदिरा सरकारच्या विरोधात गेले म्हणून १९७३ ला त्यांना डावलून ज्युनिअर माणसाला सरन्यायाधीश केलं, यांनी राजीनामा दिला. आणि कृष्णा अय्यर, केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री. त्यांच्या नेमणुकीवर पण बोंबाबोंब झाली होती, नंतर त्यांचेच निकाल आम्ही वाचत मोठे झालो. मध्यंतरी मुंबई हायकोर्टातही एका पक्षाच्या माजी प्रवक्त्यांच्या नेमणुकीवरून किती धुरळा उडाला. फरक एवढाच की तिकडे मिक्वाला सगळ्या देशासमोर शिव्या खाऊन ५८-३१ चं मतदान पार करावं लागलं, आपल्याकडे बंद दाराआड ठरतं त्यामुळे आक्षेप घेणाऱ्यालाही उत्तर मिळत नाही आणि नेमलेल्यालाही स्वतःची बाजू मांडता येत नाही. माझा राग त्या दारावर आहे.

नुसता_वाचक

वकीलीणबाई +१

जज सोडून क्लिंटनकडे का गेला पण? तहहयात नोकरी कोण सोडतं.

शिकागोतला_पुणेकर

क्लिंटन व्हाइटवॉटर या जमीनव्यवहाराच्या प्रकरणात अडकलेला, आधीचे काउन्सेल लॉइड कटलर जाणार होते, त्यांच्या जागी. जेमतेम वर्षभर टिकला, नोव्हेंबर १९९५ ला बाहेर. मग शिकागोत परत येऊन शिकवायला लागला आणि बायको झोईबरोबर १९९७ ला शाळकरी मुलांना राजकारणात आणणारी मिक्वा चॅलेंज ही संस्था काढली, अजून जोरात आहे, निवडणुकीच्या दिवशी इथल्या मतदान केंद्रांवर हायस्कूलची पोरं काम करताना दिसतात ती बरीचशी यांचीच. २०१४ ला ओबामाने मेडल ऑफ फ्रीडम दिलं. ओबामाला त्याने लॉ स्कूलनंतर क्लार्कशिप देऊ केली होती, ओबामानेच घेतली नाही. एलेना केगनने मात्र घेतली, ती आज सुप्रीम कोर्टात आहे.

आणि त्याने जी खुर्ची सोडली तिच्यावर कोण बसलं माहितीये का, मेरिक गारलंड! १९९५ ला नाव दिलं, १९९७ ला मंजूर. तोच ज्याला २०१६ ला सुप्रीम कोर्टासाठी नाव देऊन सिनेटने सुनावणीसुद्धा दिली नाही.

कोपऱ्यातला

हे माहीत नव्हतं, भारी.

आता असे लोक जज होतात का तिकडे? की बंद झालं

गोदाकाठ

सुप्रीम कोर्टात तर बंदच. सँड्रा डे ओ'कॉनर शेवटची, ती अ‍ॅरिझोनाच्या सिनेटमध्ये मेजॉरिटी लीडर होती. २००६ ला ती निवृत्त झाल्यापासून सुप्रीम कोर्टात एकही माणूस असा नाही ज्याने कधी मतं मागितली. आता केगन सोडली तर सगळे अपील कोर्टातून वर आलेले, तेच ते दोन-तीन लॉ स्कूल. निवडणूक खर्च, मतदारसंघांची आखणी, मतदानाचे नियम यावर हेच लोक निकाल देतात आणि प्रचारात पैसा कसा फिरतो हे त्यातल्या एकानेही उमेदवार म्हणून बघितलेलं नाही. २०१ मतांनी आलेला माणूस त्या बाकावर असता तर मला बरं वाटलं असतं.

खडूस_काका

हा मुद्दा मात्र मान्य. बाकी मान्य नाही :)

उलटी गाडी पण आहे बरं का एक. अ‍ॅल्सी हेस्टिंग्ज, फ्लोरिडाचा फेडरल जज, लाचेच्या आरोपातून फौजदारी कोर्टाने सोडलं पण १९८९ ला सिनेटने महाभियोगात दोषी धरून काढला, आणि हा बाबा १९९२ ला खासदार म्हणून निवडून आला, ज्या सभागृहाने आरोप ठेवले त्याच सभागृहात जाऊन बसला, मरेपर्यंत, २०२१.

तिखटमीठ

काय सांगता 😂 काका हा वेगळा धागा काढा.

आणि कोणीतरी कॉन्स्टन्स बेकर मॉट्लीवर पण लिहा ना. न्यूयॉर्कच्या सिनेटमधली पहिली काळी बाई, मग फेडरल जज.

वकीलीणबाई

मॉट्लीवर मी लिहीन, सवडीने. तोवर एवढंच, खडूस काकांसाठी. तिची नेमणूक १९६६ ला महिनोन् महिने अडवून ठेवली होती ती मिसिसिपीच्या सिनेटर ईस्टलंडने, आणि त्या आधी ४ वर्षांपूर्वी मिसिसिपी युनिव्हर्सिटीत जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळवून देणारी वकील हीच. सुप्रीम कोर्टात १० केस लढली, ९ जिंकली. आमदारकी जेमतेम वर्षभराची, त्यामुळे तिच्यावर राजकारणी म्हणून आक्षेप घेताना काकांनी जरा तयारी करून यावं.